जाळीवाटप

मन्नारच्या किनाऱ्यावर सकाळी नऊला मंडप,
साडेअकराला पाहुणे.
मधल्या वेळात दोन गाढवं आली
आणि स्वागताच्या कमानीची केळीची पानं खाऊन गेली.
कुणी हाकललं नाही.
लढाईत आम्ही सगळे गाव सोडून पळालो
तेव्हा इथे तीच राहिली होती.

मी सवरिमुत्तू, निवृत्त भूगोल-मास्तर,
आजच्यापुरता दुभाषा.
वर्गात शिकवायचो : दोन देशांच्या मध्ये उथळ समुद्र आहे,
कुठे कुठे नुसता कमरेइतका.
आमच्या वाळूत उभं राहिलं तर फोन
आपसूक पलीकडच्या देशात जातो
आणि म्हणतो, आपलं स्वागत आहे.
पाय इथले, बिल तिथलं.

पाहुणे त्या पलीकडच्या, मोठ्या शेजाऱ्याचे.
घरं त्यांनी दिली, दोन खोल्यांची,
दारावर तीन भाषांतली पाटी.
रूळ दिले. सायकली दिल्या, पंप राहून गेले.
आज जाळी : निळी, नायलॉनची,
माणशी एक गाठोडं.

साहेब तरुण, भाषण इंग्रजीत.
‘आपले प्राचीन बंध’ म्हणाले,
मी सांगितलं, जुनी ओळख आहे.
‘पुनर्उभारणीतले भागीदार’ म्हणाले,
मी सांगितलं, हातभार लावतील.
मोठ्या शब्दांची साल काढून द्यावी लागते,
नाहीतर म्हाताऱ्यांच्या घशात अडकते.

बाजूला आमच्या राजधानीचा अधिकारी,
पायावर पाय, हसतमुख,
शेजारी एकदा तरी ‘हक्क’ म्हणतो का, याकडे कान.
नाही म्हणाला.
‘आकांक्षा’ म्हणाला.
टाळ्या.

मग तिरेसम्मा आली.
गाठोडं तिथेच सोडलं, एक फास अंगठ्यानं ताणून पाहिला,
वास घेतला, आणि आमच्या तमिळमध्ये म्हणाली :
“लेकरा, दिवसा तू जाळं देतोस.
रात्री तुमच्या बाजूचे ट्रॉलर येतात,
समुद्राचा तळ खरवडून नेतात,
त्यात माझं जाळंही जातं.
तीन गेली. हे चौथं.
तर त्यांना सांग, हे निळं तुमचंच आहे,
घरचं म्हणून तरी सोडा.
मागे तुमचे शिपाई आले तेव्हाही
शांतीच घेऊन आले होते म्हणे.
भावाचं ताट वाढलेलं होतं.
ते मी विचारत नाही. जाळ्याचं विचारते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
छत्तीस वर्षांत एकही नदी मी
चुकीच्या समुद्राला मिळवली नव्हती.
इंग्रजीत म्हणालो :
ती आभारी आहे. जाळी टिकावीत, म्हणते.

‘टिकावीत’.
तिच्या एवढ्या बोलण्यातून मी इतकंच वाचवलं.

साहेब गाठोड्याची दोरी उचलायला वाकले,
आणि खालच्या आवाजात, पलीकडच्या किनाऱ्याच्या हेलात,
आमच्याच भाषेत :
“अक्का, ऐकलं मी. माझा मामा असतो ट्रॉलरवर.
आमच्या बाजूला मासाच उरला नाही.”
“बोटीचं नाव सांग,” ती म्हणाली.
तोवर कॅमेरा आला. साहेब ताठ झाले,
पुन्हा इंग्रजीत हसले.

तेव्हा कळलं, दुभाषा
न समजणाऱ्यासाठी नसतोच.
समजलं नाही असं ज्याला दाखवायचंय
त्याच्यासाठी असतो.

गाड्या गेल्या. पेपरात येईल, चर्चा सौहार्दाची झाली.
झालीच म्हणा.

संध्याकाळी तिरेसम्मा दारात.
एका हातात जाळ्याचा पांढरा तरंगता गोळा,
दुसऱ्या हातात खिडकीच्या रंगातला उरलेला लाल.
“मास्तर, लिहा.
मामा, हे भाच्यानं दिलंय. कापू नको.”

हे मात्र मी शब्दाला शब्द उतरवलं,
‘कापू नको’ जरा ठळक.
गोळा गोल, त्यामुळे ओळ मागच्या बाजूला जाऊन
पुन्हा ‘मामा’ला येऊन टेकली.
रंग वाळायला दोन तास.
तोवर अंगणात बसून
गाढवं हाकलत राहिलो.